तोटा कोणाच्या पदरी? वऱ्हाडातील संस्था आणि सामाजिक गुंतवणूक

अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावातील सेवाभावी संस्थेचा जमाखर्च चाळला, तर जमेच्या बाजूला ठरलेल्या बाबी दिसतात: वर्गणी, देणग्या, शासकीय अनुदान आणि मुदत ठेवींचे व्याज. २०१४ पासून काही संस्थांच्या पुस्तकात कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीही आला. आता सामाजिक गुंतवणूक हा आणखी एक मार्ग सांगितला जातो. त्यातून पैसा किती येईल, याचीच चर्चा फार होते. मात्र अशा कोणत्याही साधनाची परीक्षा वेगळ्या प्रश्नाने करावी लागते: काम फसले, तर तोटा कोणाच्या पदरी पडतो?

१. तीन प्रकारचा पैसा

संस्थेकडे येणारा पैसा तीन प्रकारचा असतो. पहिला देणगीचा किंवा अनुदानाचा. तो परत जात नाही. दुसरा कर्जाचा, तो व्याजासह परत जातो. तिसरा फलाधारित कराराचा. त्यात काम आधी होते, त्याचे फळ मोजले जाते आणि त्या मापाने तिसरा पक्ष मोबदला देतो.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही. शेत मक्त्याने घेतले, की कपाशी पिको वा बुडो, ठरलेली रक्कम मोजावीच लागते. बटईने केले, तर बुडालेल्या पिकाचा भार दोघांवर येतो. कर्ज हे मक्त्याच्या जातीचे आहे आणि फलाधारित करार बटईच्या जवळचा. दोन्हींना ‘गुंतवणूक’ हे एकच नाव दिल्याने घोटाळा होतो.

२. कायद्याची चौकट

सामाजिक गुंतवणुकीसाठीचा ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हा शब्दप्रयोग २००७ साली रॉकफेलर फाउंडेशनने इटलीतील बेलाजिओ येथे भरवलेल्या बैठकीतून रूढ झाला. भारतात त्याआधीच, २००१ साली, विनीत राय यांनी ‘आविष्कार’ ही अशी गुंतवणूक करणारी संस्था सुरू केली होती. पण या क्षेत्राची वाढ मुख्यतः नफा कमावणाऱ्या कंपन्यांत झाली, कारण भागभांडवल घेण्याची सोय कंपनीलाच आहे. धर्मादाय न्यासाला भागधारक नसतात आणि त्याचा नफा वाटता येत नाही.

कर्जाची वाटही अरुंद आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ३६-अ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. न्यासाची शिल्लक कुठे ठेवायची, यावर त्याच कायद्याच्या कलम ३५ चे बंधन आहे आणि आयकर कायद्यानेही ठेवीचे मार्ग आखून दिले आहेत. त्यामुळे मोठ्या देवस्थानाचा निधी शेजारच्या वसतिगृहाला खेळते भांडवल म्हणून सहजासहजी मिळू शकत नाही; तो बँकेतच राहतो. विश्वस्तांनी लोकांच्या पैशाचा जुगार करू नये, हा या बंधनांचा हेतू रास्त आहे. पण त्यामुळे संस्थेला भाग विकता येत नाहीत आणि कर्जही सहज काढता येत नाही.

३. सामाजिक शेअर बाजार

या कोंडीवर सामाजिक शेअर बाजाराचा उपाय पुढे आला. जुलै २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. सेबीने इशात हुसेन यांचा कार्यगट नेमला आणि पुढे नाबार्डचे माजी अध्यक्ष हर्ष भानवाला यांचा तांत्रिक गट. जुलै २०२२ मध्ये नियम आले. त्यांतील सर्वांत वेगळे साधन म्हणजे ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’ रोखे. त्यांवर व्याज नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही.

म्हणजे वर्गीकरणाच्या दृष्टीने ही देणगीच आहे. तिला रोख्याचे रूप दिल्याने एक गोष्ट बदलते: संस्थेला कामाचे लक्ष्य आधी जाहीर करावे लागते, पैसा कुठे गेला ते सांगावे लागते आणि परिणामांचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. बाजाराकडून येथे शिस्त घेतली आहे, परतावा घेतलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या एसजीबीएस उन्नती फाउंडेशनने असे पहिले रोखे सूचिबद्ध केले, त्यातून १.८ कोटी रुपये उभे राहिले.

चांदूर रेल्वेला यातले काय लागू पडते? अर्जाची किमान रक्कम सुरुवातीला २ लाख रुपये होती. ती आधी १० हजारांवर आणि मार्च २०२५ मध्ये १ हजारावर आली. हजार रुपये हा गावातल्या वर्गणीचाच आकडा आहे. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. रोखे काढायचे, तर संस्थेचा मागील वर्षाचा खर्च किमान ५० लाख रुपये हवा आणि रोख्यांची किमान रक्कमही ५० लाख. समजा, चाळीस मुलांचे वसतिगृह वर्षाला १८ लाखांत चालते. ते कितीही चोख चालले, तरी या दारातून आत जाऊ शकत नाही. देणाऱ्यासाठीचा उंबरठा खाली आला. घेणाऱ्याचा अजून उंच आहे.

४. फळाचा करार

फलाधारित कराराचे देशातले गाजलेले उदाहरण राजस्थानच्या भिलवाडा जिल्ह्यातले. २०१५ ते २०१८ या काळात ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेला यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसा पुरवला. फळ दिसल्यावर मोबदला देण्याची हमी सीआयएफएफ या प्रतिष्ठानाची होती. पहिल्या वर्षाअखेर शिकण्यातील प्रगती एकूण लक्ष्याच्या २३ टक्केच होती. तिसऱ्या वर्षाअखेर ती १६० टक्क्यांवर गेली आणि मुलींच्या पटनोंदणीने ११६ टक्के गाठले.

यातला धडा शेवटच्या आकड्यापेक्षा पहिल्या आकड्यात अधिक आहे. वर्षागणिक मिळणारे अनुदान पहिल्या वर्षाच्या २३ टक्क्यांवरच थांबण्याची भीती असते. येथे जोखीम गुंतवणूकदाराने उचलली होती, म्हणून संस्थेला पद्धत बदलून पाहण्याची सवड मिळाली. महाराष्ट्रात २०२० च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड महापालिकेने यूएनडीपीसोबत आरोग्यसेवेसाठी अशाच धर्तीचा करार केला. फळाचा मोबदला देणारा सधन पक्ष हवा, हे त्यावरून दिसते. तालुक्याच्या नगरपरिषदेच्या तिजोरीला ते पेलणारे नाही.

५. मापाची मर्यादा

मोबदला मापावर ठरू लागला, की सोपे काम निवडण्याचा मोह होतो. चांदूर रेल्वेला लागून असलेल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळा येथे, मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी केली. अशा मुलांसाठी फळ कोणते धरायचे? वाचता येणे, की पुढल्या हंगामात पुन्हा शाळेत येणे? केवळ चाचणीचे गुण धरले, तर घरी आधीच अक्षरओळख असलेले मूल संस्थेला परवडेल आणि बेड्यावरचे, म्हणजे पारधी वस्तीवरचे, मूल महाग पडेल. म्हणून करारात आरंभीची पातळी नोंदवणे आणि अवघड मुलाला जास्त मोबदला ठेवणे अपरिहार्य ठरते.

अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाला श्रमाची आणि उद्योगाची जोड दिली. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्णांची कमाई मोजता येते. समाजाची कुष्ठरोगाविषयीची भीती कमी व्हायला मात्र एक पिढी जाते, आणि तीन वर्षांच्या रोख्यात ते बसत नाही. अशा कामाला साधी, अटी न घालणारी देणगीच लागते.

परताव्याच्या घाईने काय होते, हेही देशाने पाहिले आहे. २०१० साली एसकेएस मायक्रोफायनान्सचे भाग बाजारात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारला सूक्ष्मकर्जाच्या वसुलीवर वटहुकूम काढावा लागला. तेथे जोखीम सर्वांत गरीब कर्जदाराच्या पदरी पडली होती.

६. निष्कर्ष

यातून तीन गोष्टी निघतात. एक, ज्या कामाचे फळ दोन-तीन वर्षांत मोजता येते, तिथे फलाधारित करार योग्य. जिथे ते पिढीने दिसते, तिथे देणगी. दोन, लहान संस्थांनी स्वतंत्रपणे बाजाराकडे धाव घेण्यापेक्षा जिल्हा पातळीवर एका मातृसंस्थेमार्फत एकत्र यावे. हिशेब, अहवाल आणि मूल्यमापन यांचा खर्च वाटला जाईल आणि ५० लाखांचा उंबरठाही आवाक्यात येईल. नांदगाव पेठ एमआयडीसीतील कारखान्यांशी सीएसआरची बोलणी करायलाही असा एकच दुवा सोयीचा. कंपनी कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतोच. तीन, अनुदानाचा हप्ता लांबल्यावर लागणाऱ्या अल्पमुदतीच्या छोट्या कर्जासाठी कलम ३६-अ खालील मंजुरी ठरावीक दिवसांत मिळण्याची तरतूद राज्याने करावी. तोवर विश्वस्तांनी कोणत्याही नव्या करारावर सही करण्याआधी त्यातले तोट्याचे कलम सर्वांत आधी वाचावे आणि तो भार लाभार्थ्यावर जात असेल, तर सही करू नये.