असईचा उतार आणि अनुभवपूर्व ज्ञान

जे खरे आहे, परंतु तसे नसणेही संभवनीय होते, ते आगंतुक सत्य. असे सत्य अनुभवावाचून जाणता येते काय? आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, असई गावापाशी 23 सप्टेंबर 1803 रोजी झालेल्या लढाईतील एक प्रसंग या प्रश्नाच्या विचारास उपयुक्त आहे.

दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांचे सैन्य केळणा नदीपलीकडे उभे होते. आर्थर वेलस्लीला त्याच्या डाव्या बगलेवर जावयाचे होते. परंतु तेथे नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. तथापि दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. होडी वा उतार असल्यावाचून माणसे इतकी जवळ गावे वसवणार नाहीत, आणि त्यांतही उतार असणेच अधिक संभवनीय, असा तर्क त्याने केला. उतार सापडला, सैन्य पार झाले. त्या दिवशी विजयी पक्षाचेच दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. पुढे क्रोकर याला ही हकीकत सांगताना वेलस्लीने आपल्या निर्णयाचे श्रेय साध्या व्यवहारबुद्धीला दिले.

उतार नसणे शक्य होते, आणि तो पाहण्यापूर्वीच जाणला गेला. मग हे आगंतुक सत्याचे अनुभवपूर्व ज्ञान म्हणावे काय? कांटने 1787 च्या आवृत्तीत अशाच उदाहरणाचा निर्णय दिला आहे. स्वतःच्या घराचा पाया पोखरणाऱ्यास घर पडेल हे आधी कळते. परंतु आधाराविना जड वस्तू पडते, हे त्याला अनुभवानेच शिकावे लागते. वेलस्लीनेही गावे डोळ्यांनी पाहिली होती, आणि माणसे कशी वसतात हे तो अनुभवाने जाणत होता. अनुमान प्रत्यक्षपूर्वक असते, हे न्यायदर्शनाचे मतही येथे लागू पडते.

क्रिप्की याने 1970 च्या व्याख्यानांत निराळी वाट दाखविली. पॅरिसच्या दांड्याच्या लांबीवरूनच 'मीटर' या शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्यास, तो दांडा त्या वेळी एक मीटर लांब आहे, हे मोजल्यावाचून कळते; तरी उष्णतेने त्याची लांबी वेगळी असू शकली असती. त्याच रीतीने, 'या दोन गावांमधील जो एकमेव उतार असेल त्यास क म्हणावे', असे ठरविल्यास, 'असा उतार असेल तर क या गावांमध्ये आहे', हे नदीकडे न पाहताही कळते. परंतु सैनिकास हवे होते त्यातील 'असेल तर' गाळलेले विधान. आणि ते कोणत्याही नामकरणातून मिळत नाही. अनुभवपूर्व ज्ञान आगंतुक सत्यापर्यंत पोहोचते ते आपणच घातलेल्या नावांच्या आधारे. नदीचा तळ मात्र तिथे जाऊनच पाहावा लागतो.