पातेल्याची निवड आणि पुण्याचे तांबट

घरच्या स्वयंपाकास पातेले कोणत्या धातूचे घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचा उत्कर्ष व अपकर्ष ह्याच निवडीशी निगडित आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व पटते.

पेशवाईत पुणे वाढू लागले, तसे कोकणातून आलेले तांबट येथे स्थायिक झाले. पत्रा ठोकून भांडे घडविणे व त्यावर हातोडीने मठारकाम करणे, हे त्यांचे कसब. मठार केवळ शोभेसाठी नसे. ठोक्यांनी मऊ तांबे कठीण होते व भांडे सहसा चेपत नाही. तांब्यात उष्णता त्वरित व सारखी पसरते, म्हणून अन्न बुडाशी लागण्याचे भय थोडे. शिवाय धातूचे भांडे घासून शुद्ध होते, मातीचे होत नाही, अशी सोवळ्याची समजूत होती. आणि जुन्या भांड्यास मोडीतही किंमत येई. ह्या गुणांमुळे तांब्यापितळेस घरोघर मान मिळाला, ह्यात नवल नाही.

परंतु चिंच, आमसूल वा ताक घातलेला पदार्थ अशा भांड्यात कळकतो व पोटास बाधतो. त्यावर उपाय कल्हईचा. भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथलाचा पातळ लेप द्यावयाचा. कथील 232 अंश सेल्सियसला वितळते. त्यामुळे रिकामे भांडे चुलीवर राहिले की कल्हई बिघडे, आणि रोजच्या घासण्याने ती झिजे. म्हणजे एकदा दाम मोजून व्यवहार संपत नसे. कल्हईवाल्यास पुनःपुन्हा बोलवावे लागे, आणि राख-चिंचेने भांडी लख्ख करण्याचे कष्ट घरातील बायकांच्या वाट्यास येत.

मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी 1898 च्या सुमारास अॅल्युमिनियमच्या भांड्यांचा उद्योग सुरू केला. हलकी, स्वस्त व कल्हईवाचून चालणारी ही भांडी पुढे महाराष्ट्रातही आली. लोक त्यांस 'जर्मन'ची भांडी म्हणू लागले. मागाहून स्टेनलेस स्टील आले. वास्तविक तांबे स्टीलच्या सुमारे पंचवीसपट उष्णता वाहून नेते. चुलीवरच निकाल लागावयाचा असता, तर तांबे हरले नसते. निकाल मोरीवर लागला. चिंचेने न कळकणारे आणि सहज स्वच्छ होणारे भांडे गृहिणीने पसंत केले.

ह्या पसंतीची किंमत तांबटांनी मोजली, हे खरे. त्यांच्या कारागिरीविषयी हळहळ वाटणे योग्यच आहे. परंतु ह्या ऱ्हासाचे खापर केवळ नव्या चालीवर फोडणे अन्यायाचे होईल. जुन्या भांड्यांची झळाळी ज्या हातांनी राखली, त्या हातांचे श्रम कोणी हिशेबात धरले नव्हते. नव्या भांड्याने ते धरले. आज हौसेने तांब्याचे पातेले घेणाऱ्याने त्याचे मठार अवश्य पाहावे. पण त्याबरोबर कल्हई कोण करील आणि ते रोज कोण घाशील, हेही आधी ठरवावे.