आकडी आणि आखाडा

अपस्मार म्हणजे स्मृतीचा लोप. लोकभाषेत त्याला फेफरे, आकडी, मिरगी अशी नावे आहेत आणि आता सरसकट 'फिट'. नावे बदलली, पण घरातला पहिला उपदेश तोच राहिला: ह्याला खेळायला पाठवू नका, हिला धावू देऊ नका, दमू देऊ नका. हा उपदेश थेट परंपरेतून आला असावा, असे आपण गृहीत धरतो. ग्रंथ उघडल्यावर चित्र थोडे निराळे दिसते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दहावा अध्याय अपस्मारावर आहे. रुग्णाला पाणी, अग्नी, झाड, डोंगर आणि विषम जागा ह्यांपासून सदैव जपावे, कारण त्या तत्काळ प्राण घेतात, असे तिथे सांगितले आहे. ही जागांची यादी आहे. शुद्ध हरपली तर माणूस जिथे बुडेल, भाजेल किंवा कोसळेल, अशा जागांची. धावणे-खेळणे ह्या यादीत नाही.

खेळावरच्या बंदीला शास्त्राची भाषा मिळाली ती विसाव्या शतकात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६८ साली अशा रुग्णांना अंगलटीच्या खेळांपासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला. डोक्याला मार लागण्याची भीती होती. श्रमाने झटका येईल ही शंकाही वैद्यकात होतीच. शंकेला आधारही होता. मेंदूचा विद्युत्-आलेख काढताना रुग्णाला काही मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावतात, आणि त्याने काहींना, विशेषतः क्षणभर भान हरपणाऱ्या लहान मुलांना, खरोखर झटका येतो. धावतानाही श्वास फुलतो. मग तेच होणार, असा तर्क झाला. पण बसल्याजागी घेतलेल्या जादा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि झटक्याला निमित्त होते ती ही घट. धावणाऱ्याचे स्नायू तो वायू सतत निर्माण करीत असतात. फुललेला श्वास तो केवळ बाहेर टाकतो. दोन्ही श्वास दिसतात सारखे, इतकेच. त्याच संस्थेने १९७४ साली आपला सल्ला बदलला.

वैद्यकाने मैदान खुले केले त्याच सुमारास आपल्याकडे मांडव बंद झाला, हा योगायोग आम्हांला अस्वस्थ करतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्मार नेऊन बसवला गेला. तो शब्द गळायला १९९९ साल उजाडले.

ह्या मधल्या काळातच, १९७६-७७ च्या हिवाळ्यात, टोनी ग्रेग इंग्लंडचा संघ घेऊन भारतात आला. ईडन गार्डन्सवर अंगात ताप असताना त्याने १०३ धावा केल्या, मालिका ३-१ अशी जिंकली आणि शेवटचा सामना वानखेडेवर खेळला. त्याला पहिला झटका चौदाव्या वर्षी टेनिस खेळताना आला होता. ही गोष्ट बराच काळ झाकून ठेवण्यात आली. वानखेडेवर त्याच्या उंचीला आणि नाटकीपणाला टाळ्या देणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक नसावी. ठाऊक असती, तर त्यांतल्या किती आईबापांनी घरी बसवलेल्या आपल्या मुलाच्या हाती बॅट दिली असती?

नॉर्वेमध्ये औषधांना न जुमानणारी आकडी असलेल्या पंधरा स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, पंधरा आठवडे, नृत्यासारखा व्यायाम देण्यात आला. १९९४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या काळात स्त्रियांनी नोंदवलेले झटके घटले, झोप सुधारली, अंगदुखी आणि थकवा कमी झाला. प्रयोग लहान होता, हे मान्य. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात झटक्यांच्या संख्येत फरक पडला नाही, मात्र जीवनमान सुधारले. आम्हांला हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. आकडी मोजता येते, म्हणून आपण तीच मोजत बसतो. उरलेल्या दिवसांचा हिशेब कोणी मागत नाही. थोड्या रुग्णांना श्रमाने झटका येतो, हेही खरे; म्हणून डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी लागते.

अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय लीगच्या कृतिगटाने २०१६ साली खेळांचे तीन वर्ग पाडले. गिर्यारोहण, स्कूबा डायव्हिंग, मोटारींच्या शर्यती तिसऱ्या, सर्वांत धोक्याच्या वर्गात. पोहणे मधल्या वर्गात. पुन्हा पाणी आणि डोंगरच. विशेष जादा धोका नसलेल्या पहिल्या वर्गात नृत्य आहे, क्रिकेट आहे, आणि कुस्तीही आहे.