न ठणकणारा काटा

श्रोतेहो, पायात काटा मोडला की काय होतं ते आपण सारे जाणतो. जागा लाल होते, तापते, सुजते आणि ठणकते. सेल्सस या रोमन ग्रंथकारानं पहिल्या शतकातच या चार खुणा लिहून ठेवल्या. यालाच वैद्यकात दाह म्हणतात. शरीराचे राखणदार जखमेकडे धावून आले, असा त्याचा अर्थ. पण असाच दाह हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांतही धुमसतो, हे पटायला फार काळ जावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याविषयी दोन पंडितांत मतभेद होता. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत, रक्तातली द्रव्यं रोहिणीला आतून चिकटतात आणि थर बसतो; पाटात गाळ साचावा तसा. जर्मनीचे रुडॉल्फ विर्खो यांनी 1856 साली वेगळं मत मांडलं. आधी रोहिणीच्या भिंतीतच दाह होतो आणि चरबी मागाहून येते, असं त्यांचं म्हणणं. रोहिणी म्हणजे काही लोखंडी नळ नव्हे. ती जिवंत आहे.

पुढे 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारलं, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांत तसेच थर धरले. सर्वांचं लक्ष चरबीकडे वळलं, आणि ते वावगंही नव्हतं. विर्खोंचा दाह मात्र मागे पडला. 1999 साली अमेरिकेतल्या रसेल रॉस यांनी हा दाहाचाच रोग आहे असं पुन्हा ठासून सांगितलं.

पण सांगणं वेगळं आणि पडताळा वेगळा. तो 2017 साली आला. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,061 रोग्यांवर कॅनाकिनुमॅब या औषधाची चाचणी झाली. हे औषध कोलेस्टेरॉल उतरवत नाही, दाह तेवढा शमवतं. तरीही 150 मिलिग्रॅमची मात्रा घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं येणारा मृत्यू यांचं प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटलं. मात्र जंतुसंसर्गानं दगावणारे वाढले. राखणदाराला बांधून ठेवलं, तर चोराचं फावणारच!

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात हा रोग समजावताना फळ्यावर नुसता तुंबलेला नळ काढू नका. भिंतीतली जखमही दाखवा. बिडीचा धूर, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब त्या भिंतीला रोज काटे टोचत असतात. पायातला काटा ठणकून सांगतो. हा सांगत नाही. म्हणून ठणका लागायची वाट पाहू नका. बिडी आजच विझवा, आणि रक्तदाब व साखर वेळच्या वेळी तपासून घ्या.