येसराचा डबा



गेल्या श्रावणात एका संध्याकाळी साडेपाचला लेकीचा फोन आला. "आई, लातूरहून परत निघालोय, वाट वाकडी करून केजला येतोय, दहा मिनिटांत पोचतो." लेक, जावई, विहीणबाई आणि विहीणबाईंच्या सासूबाई. आजींचं वय चौऱ्याऐंशी, आणि आमच्या घरी त्या पहिल्यांदाच यायच्या होत्या. सूर्यास्त सातच्या सुमाराचा. आमच्या घरात सूर्यास्ताआधी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं, जेवण आटोपायचं वळण आहे. मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब लगेच केला. पाहुणे टेकेपर्यंत सारं मिळून अर्धा तास हातात.

फडताळात आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा होता, मुलाने पुण्याहून आणलेला. म्हटलं, देवच पावला. डबा फोडला, वेलदोडा घातला, पुऱ्यांची कणीक भिजवली आणि पाहुणे हातपाय धुऊन बसले तशा रसाच्या वाट्या मांडल्या. आजींनी वाटीकडे पाहिलं आणि हात जोडले. "आर्द्रा होऊन गेली ना बेटा. आता आम्हाला आंबा नाही."

लेकीचं सासर श्वेतांबर. आर्द्रा नक्षत्र लागलं, म्हणजे साधारण २२ जून झाला, की त्यांच्यात आंबा सोडतात. पाऊस पडला की फळात जीव होतात म्हणून. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मला हे ठाऊक होतं, आणि तरी घाईत विसरले. डब्यातला आंबा उन्हाळ्यातच पिकलेला, तेव्हाच उकळून बंद केलेला, हे खरं. पण नियम खाण्याच्या दिवसाला लागतो, तिथे डब्यावरची तारीख काय करणार? माझा चेहरा उतरला. पुढे काय झालं ते सांगतेच, पण त्या रात्रीपासून हा डबा माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आधी त्याचीच कथा.

डब्यात अन्न टिकवायची विद्या पाहुण्यांसाठी निघालेली नाही, ती फौजेसाठी निघाली. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. अन्न बाटलीत भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही रीत त्याने बसवली. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं, रीत छापून सगळ्यांना खुली करायची या अटीवर. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. अन्न का टिकतं, हे मात्र तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. सूक्ष्म जीवांमुळे अन्न नासतं, हे लुई पाश्चरने दाखवलं ते त्यानंतर पन्नास वर्षांनी. आणि गंमत म्हणजे डबा आधी आला, तो उघडायचं हत्यार १८५० नंतर. तोवर छिन्नी आणि हातोडा! माझं ओपनर ऐनवेळी सापडेना, तेव्हा मला त्या शिपायांची आठवण आली.

आमच्या मराठवाड्यात पत्र्याचा डबा आला तो बहुतेक रिकामाच. रॉकेलचे डबे, १९३७ पासून निघालेल्या डालडाचे डबे, आतला माल संपला की घरोघर धान्याला लागत. माझ्या आजेसासूबाईंच्या कोठीत असे सात डबे होते. बाहेर वनस्पती तुपाचं चित्र आणि आत मूग. वनस्पती तूप त्यांनी जन्मात खाल्लं नाही, डबे मात्र कुणाकुणाकडून मागून आणलेले.

त्यांतल्या एकात येसर असे.

बीड-धाराशिवकडच्या मैत्रिणींना येसर सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या मुलींसाठी सांगते. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ, सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं. धने, सुकं खोबरं, लाल मिरची, दगडफूल, लवंग, मिरी भाजून त्यात मिसळायचं आणि दळायचं. झालं येसर. हिंग-जिऱ्याच्या फोडणीत पाणी उकळायचं, गार पाण्यात कालवलेलं येसर त्यात सोडायचं, आमसूल आणि मीठ. पंधरा मिनिटांत आमटी तयार. भाजी नको, डाळ शिजवणं नको. पाहुणे चाराचे आठ झाले तर पाणी वाढवायचं. लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे हीच आमटी. कांदा-लसूण घालणारे घालतात, पण त्यावाचून काही अडत नाही, म्हणून आपल्या घरात ती सहज बसली.

मात्र एक अडचण होती. आपल्या दिगंबर घरांत पिठाला मर्यादा आहे. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. इतरांच्या घरी येसराचं पीठ वर्षभर डब्यात राहतं, आमच्या आजेसासूबाईंना ते चालणार नव्हतं. त्यांनी तोड काढली ती अशी. धान्य-मसाले भाजायचे, पण दळायचे नाहीत. अख्खेच डब्यात भरायचे. पाहुणा दारात दिसला की दोन मुठी जात्यात घालायच्या. भाजण्यातच सगळा वेळ जातो, दळायला कितीसा लागतो? माल तयार आहे आणि पीठही ताजं आहे. कॉलेजात आम्हाला मालसाठ्याचा हिशेब शिकवला, आधी आलेला माल आधी काढायचा वगैरे. पण पक्का माल न करता ऐंशी टक्के तयार करून थांबायचं, ही युक्ती पुस्तकात नव्हती.

या डब्याची खरी परीक्षा १९५५ साली झाली. त्या वर्षी चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. १४ ऑगस्टला सुरू झाली आणि १८ सप्टेंबरला महाराजांची समाधी झाली. ३६ दिवस. कुलभूषण-देशभूषण मुनींचं ते सिद्धक्षेत्र, डोंगरावरचं, एरवी शांत. त्या दिवसांत देशभरातून माणसं दर्शनाला लोटली. लातूर-अंबाजोगाईकडून येणाऱ्यांना केज वाटेत पडे. तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो, रस्ते कच्चे, त्यात भर पावसाळा. माझ्या सासूबाई त्या वेळी विशीतल्या, नव्यानेच नांदायला आलेल्या. त्या सांगायच्या, पाऊस असो नसो, दिवस कलायच्या सुमारास दारात बैलगाडी थांबायचीच. कोण कुठले माहीत नाही, फक्त "जय जिनेंद्र" म्हणून आत येत. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच प्रश्न, सूर्य किती उरलाय?

म्हणजे पाहा, पिठाची मर्यादा तीन दिवसांची, रात्री जेवायचं नाही, चातुर्मास म्हणून पालेभाजी बंद, आणि पाहुणे किती येतील याचा नेम नाही. बेसनात ताक घालून झटपट कढी करावी तर ते द्विदल. सासूबाई आणि त्यांची जाऊ समोरासमोर बसून जातं ओढत, आजेसासूबाई चुलीशी. येसराची आमटी आणि भाकरी. एका दिवशी माणसं इतकी झाली की भाकऱ्या पुरल्या नाहीत, तेव्हा घरच्या बायकांनी आमटीच पिऊन सूर्यास्त गाठला. हे सांगताना सासूबाई हसत, पण डोळे भरून येत. त्यांना स्वतःला कुंथलगिरीला जाता आलं नाही. "सगळा गाव जाऊन आला, मी जात्यापाशीच राहिले," असं एकदाच म्हणाल्या. मला ते अजून टोचतं. घरातल्या कुणाला वाटलं नसेल का, की एक दिवस हिलाही गाडीत बसवू?

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे. माझ्या आईने त्याचंही येसर करून पाहिलं. चव आली नाही, पण आमटी झाली.

पुढे कारखान्यांनी तेच केलं जे आमच्या बायका करत होत्या. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा बंगळुरूच्या एमटीआरने रव्याची इडली काढली, आणि पुढे तिचं तयार पीठ पाकिटात घातलं. पुण्यात १९६३ साली गिट्स सुरू झालं. १९८३ ला मॅगी आली आणि मुलांनी आमचं ऐकणं सोडलं. मी या पाकिटांच्या विरोधात नाही, माझ्याकडेही गुलाबजामच्या पिठाचं एक पाकीट असतंच. पण डबाबंद भाज्या घेताना चष्मा लावून मागचं सगळं वाचा. हिरवा ठिपका शाकाहार सांगतो, आतला कांदा, लसूण, बटाटा सांगत नाही.

आता त्या संध्याकाळकडे. आजींनी हात जोडले तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. मी रसाच्या वाट्या उचलल्या आणि येसराचा डबा काढला. जातं आता अंगणात तुळशीजवळ आहे, मिक्सर लावला. लेकीने ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. आमटीला उकळी आली तशा आजी काठी टेकत ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काय चुकलं.

"सुगंध छान आहे," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पीठ कधीचं आहे बेटा?"

"येसर आत्ताचं, आजी. ज्वारीचं कालचं."

त्यांनी मान हलवली आणि पानावर जाऊन बसल्या. दही मी मांडलंच नव्हतं, आमटीत हरभऱ्याची डाळ होती ना. भाकरी कुस्करून दोन वाट्या आमटी घेतली त्यांनी. सव्वासहाला सगळे पाण्याने चूळ भरून मोकळे. आमच्या घरच्या वळणाला पाच मिनिटं उशीर झाला, तो मी माझ्या खाती लिहिला.

आमरस दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांनी संपवला. विहीणबाईंनी जाताना येसराचं प्रमाण मागितलं, तेव्हा माझी पंचाईत झाली, कारण आमच्याकडे सगळं मुठीने. दिवाळीनंतर नवं येसर भाजताना पहिल्यांदा तराजू घेऊन बसले: ज्वारी अर्धा किलो, गहू पाव किलो, हरभरा डाळ पाव किलो, तांदूळ १०० ग्रॅम, धने १०० ग्रॅम, खोबऱ्याची एक वाटी, मिरच्या आपापल्या तिखटाप्रमाणे. बाजरी घालणाऱ्यांनी ज्वारी निम्मी करावी. दगडफूल जपून, जास्त झालं तर कडवट लागतं.