लेंटिनन : शिटाके अळंबीतून निघालेल्या औषधाची कुळकथा

चीन आणि जपान या देशांत शिटाके अळंबी शतकानुशतके अन्न म्हणून खाल्ली गेली आणि बलवर्धक म्हणून वाखाणलीही गेली. परंतु तिच्यातील नेमक्या कोणत्या घटकाचा शरीरावर कोणता परिणाम होतो, याचा प्रयोगशाळेतील शोध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाला. त्याआधी अळंबीची लागवड भरवशाची होणे गरजेचे होते. जुन्या पद्धतीत ओंडक्यांवर कुऱ्हाडीने खाचा पाडून वाऱ्याबरोबर येणारे बीजाणू, म्हणजे बुरशीच्या प्रसाराचे सूक्ष्म कण, त्यांत रुजण्याची वाट पाहावी लागे आणि ते न रुजल्यास शेतकऱ्याचे श्रम वाया जात. किसाकु मोरी यांनी 1940च्या दशकाच्या आरंभी बुरशीचे शुद्ध तंतू वाढवलेल्या लाकडी खुंट्या ओंडक्यांत ठोकण्याची रीत काढली, तेव्हा ही अनिश्चितता बरीच कमी झाली.

टोकियो येथील राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेत गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिटाकेचा गरम पाण्यात अर्क काढला, त्यात अल्कोहोल मिसळून विरघळलेली द्रव्ये साक्याच्या रूपाने खाली बसवली आणि तो साका टप्प्याटप्प्याने शुद्ध करत नेला. अखेरीस हाती आलेल्या द्रव्याला, अळंबीच्या तत्कालीन शास्त्रीय नावातील ‘लेंटिनस’वरून, लेंटिनन हे नाव मिळाले. उंदरांमध्ये रोपण केलेल्या ‘सार्कोमा 180’ या कर्करोगाच्या गाठींची वाढ या द्रव्याने रोखली जाते, असे त्यांनी 1969 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. त्याच सुमारास तेत्सुरो इकेकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही अनेक खाद्य अळंब्यांच्या पाण्यातील अर्कांची अशीच परीक्षा घेतली होती.

खरे मोल मात्र त्यानंतरच्या निरीक्षणाचे आहे. लेंटिनन कर्कपेशींना थेट मारत नव्हते. ज्या उंदरांची थायमस ग्रंथी, म्हणजे ‘टी’ जातीच्या रोगप्रतिकारक पेशी जिथे परिपक्व होतात ती ग्रंथी, काढून टाकली होती, त्यांच्यात त्याचा परिणाम दिसेनासा झाला. हे द्रव्य शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेमार्फत काम करते, असा अर्थ चिहारा आणि मायेदा यांनी 1971 मध्ये त्यावरून काढला, आणि या संपूर्ण कुळकथेतील सर्वांत धीट पाऊल हेच म्हणावे लागेल.

लेंटिनन ही बहुशर्करा आहे, म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची साखळी. भातातील पिष्टही ग्लुकोजचेच असते, पण लेंटिननमधील जोडण्या ‘बीटा’ प्रकारच्या असतात. मुख्य साखळीतील दर पाच ग्लुकोजमागे दोन फांद्या फुटतात आणि अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून राहतात. माणसाच्या पाचकरसांना या जोडण्या तोडता येत नाहीत आणि इतका अवाढव्य रेणू आतड्यातून जसाच्या तसा रक्तात जाणे कठीण असते, म्हणूनच औषध म्हणून लेंटिनन शिरेतून टोचले जाते. बुरशीच्या पेशीभित्तिकेत आढळणाऱ्या अशा बीटा-ग्लुकनांना ओळखणारा ग्राहक, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील पकड घेणारे प्रथिन, पांढऱ्या रक्तपेशींवर असतो. ‘डेक्टिन-1’ हे प्रथिन ते काम करते, हे गॉर्डन ब्राऊन आणि सियामन गॉर्डन यांनी 2001 मध्ये दाखवले.

जपानने 1985 मध्ये जठराच्या कर्करोगावर, रासायनिक औषधांच्या जोडीने देण्यासाठी लेंटिननला मान्यता दिली. आरंभीच्या चाचण्यांतून आयुर्मान वाढल्याचे संकेत मिळाले होते; परंतु पुढे शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या किंवा पुन्हा उद्भवलेल्या जठराच्या कर्करोगाच्या तीनशेहून अधिक रुग्णांवर जपानमध्ये झालेल्या चाचणीत ‘एस-1’ या औषधाला लेंटिननची जोड दिल्याने आयुर्मानात वाढ झाली नाही. उंदरांमधील लखलखीत यश आणि रुग्णांमधील हा निकाल यांतील अंतर झाकून ठेवणे हा रुग्णांवर अन्याय ठरेल.

त्याच अळंबीचे एक अप्रिय रूपही नोंदले गेले आहे. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली शिटाके खाल्ल्यानंतर काही व्यक्तींच्या पाठीवर, पोटावर आणि हातापायांवर, चाबकाचे फटके बसावेत तसे, लांबलचक लाल वळ उठतात व विलक्षण खाज सुटते. जपानमध्ये 1977 मध्ये प्रथम वर्णिल्या गेलेल्या या विकारामागे लेंटिननच असावे, असे मानले जाते. नीट शिजवलेल्या अळंबीने हा त्रास सहसा होत नाही.

अळंबीच्या भुकटीच्या कॅप्सूलवर ‘कर्करोगविरोधी’ असे छापताना विक्रेते ज्या प्रयोगांचा दाखला देतात, त्यांतील बरेचसे शुद्ध करून टोचलेल्या द्रव्याचे, आणि तेही उंदरांवरचे असतात. शिटाके हे चविष्ट अन्न आहे आणि ते शिजवून जरूर खावे. परंतु कर्करोगाच्या रुग्णाने अशी कॅप्सूल सुरू करण्याआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारावे आणि तिच्या भरवशावर चालू उपचार कदापि थांबवू नयेत.