परसातलं तळं आणि सांडव्याची वाट



गेल्या काही पावसाळ्यांपासून आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. गच्चीचं पाणी रस्त्यावर सोडून देण्यापेक्षा मागच्या अंगणात लहानसं तळं का करू नये? पुण्या-बेंगळुरूला असलेली मुलं व्हिडिओ पाठवतात. त्यात कमळं असतात, मासे असतात, काठावर दोन खुर्च्या असतात. बेत छानच आहे. फक्त त्या व्हिडिओंत तळं खणताना दाखवतात, पण ते भरून वाहायला लागलं की पाणी जाणार कुठे, हे सहसा दाखवत नाहीत. आणि खरी गोम तिथेच आहे.

या प्रश्नाचा अनुभव आपल्या गावाकडे भरपूर आहे. फूलबागेत उभं राहून चहूकडे नजर टाकली तरी निम्मा इतिहास दिसतो. म्हणून आज थोडा इतिहास आणि थोडा हिशोब. सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे हिशोबाशिवाय लिहिणं जमत नाही, ते गोड मानून घ्यावं.

आधी किल्ला पाहू. वर नदी नाही. पावसाळ्यात आकाशातून जे येईल ते साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं, एवढाच मार्ग. म्हणून सूरजकुंड, मानसरोवर, गंगोला ताल, जौहर कुंड, एकखंबा ताल अशी तळी आणि कुंडं तिथे झाली. सूरजसेन राजाचा कुष्ठरोग ग्वालिपा साधूंनी दिलेल्या पाण्यानं बरा झाला आणि त्यांच्या नावावरून गावाला नाव पडलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. म्हणजे या गावाच्या जन्माची कथाच मुळी एका तळ्याची आहे. किल्ल्यावरच्या तळ्यांना एक सोय आहे. ती उंचावर आहेत, खाली घट्ट खडक आहे आणि जादा पाण्याला उतार आहे. भरलं की वाहून जातं, कुणाच्या घरात शिरत नाही.

खाली सपाटीवर आलो की ही सोय संपते. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. ती लष्कराची छावणी म्हणून या वस्तीचं नाव लश्कर. आपले पूर्वज याच छावणीबरोबर आले. कुणी चिटणिसीला, कुणी फौजेत, कुणी पूजाअर्चेला. वाडे झाले, वाड्यांत विहिरी आणि हौद झाले. त्या वाड्यांची एक गोष्ट आठवणाऱ्यांना आठवत असेल. हौदाच्या काठाखाली वीतभर अंतरावर दगडात एक भोक ठेवलेलं असे. हौद भरला की पाणी त्या भोकातून पन्हळीत, पन्हळीतून केळीच्या अळ्यात आणि तिथून गल्लीच्या मोरीत. घरातल्या बायका उन्हाळ्यात त्या भोकातला कचरा काढून ठेवायच्या. त्याला कुणी जलव्यवस्थापन म्हणत नव्हतं, ते घरकामच होतं.

आता फूलबाग. इथला बैजाताल ज्या बायजाबाईंच्या नावानं ओळखला जातो, त्या आपल्या कागलच्या घाटग्यांच्या लेक, दौलतरावांच्या पत्नी. 1827 ते 1833 त्यांनी संस्थानाचा कारभार पाहिला. तळ्याच्या मध्यावर रंगमंच, बाजूला इटालियन गार्डन, समोर मोतीमहाल. पुढे माधवराव महाराजांच्या काळात, 1922 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या निमित्तानं, फूलबागेला आजचं रूप आलं. प्राणिसंग्रहालयही त्याच वर्षाचं. बैजाताल म्हणजे एका अर्थी राजवाड्याच्या परसातलं तळंच. पण नीट पाहा, हे तळं एकटं नव्हतं. शेजारून स्वर्णरेखा वाहत होती. तळं, बाग आणि नदी अशी ती तीन पदरी रचना होती. जादा पाणी घ्यायला नदी जवळ असली की तळ्याला काळजी नसते.

स्वर्णरेखेचं नाव घेतलं की आधी झाशीची राणीच आठवते. जून 1858 मध्ये लढता लढता राणीचा घोडा याच प्रवाहाशी अडला, अशी परंपरा सांगते. बाबा गंगादासांच्या बडी शाळेतल्या साधूंनी तिथे प्राण दिले आणि राणीची समाधी फूलबागेतच आहे. एवढ्या मोठ्या आठवणीची ही नदी, पण आज आपण तिला नाला म्हणतो. शहराचं सांडपाणी तिच्यात आलं, मग तळ आणि काठ काँक्रीटचे झाले, आता तर तिच्या वरून एलिव्हेटेड रोड उभा राहतो आहे. काँक्रीटच्या तळातून पाणी जमिनीत मुरत नाही. मोठा पाऊस झाला की सगळं एकदम धावत येतं आणि काठच्या वस्त्यांत चढतं. नदी हा गावाचा सांडवा असतो. त्यालाच अडचण झाली, तर घराघरांतलं पाणी तुंबणारच.

सांडवा शब्द वापरला, तेव्हा तिघ्रा सांगायलाच हवं. सांक नदीवरचं हे धरण 1916 मध्ये पुरं झालं. आपण आजही त्याचंच पाणी पितो. तिथे विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसवले होते. हे विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि नाशिक-धुळ्याकडे नोकरी केलेले, म्हणजे अर्धे आपलेच. त्यांचे दरवाजे आधी पुण्याजवळ खडकवासल्याला 1903 मध्ये बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडायचे, पूर ओसरला की बंद व्हायचे. सांडव्याच्या बाबतीत याहून पुढची युक्ती त्या काळी नव्हती.

तरीही 19 ऑगस्ट 1917 ला तिघ्रा फुटलं. पायाचा खडक वालुकाश्माचा, त्याच्या थरांतून पाणी आत शिरलं होतं आणि वरून पाणी धरणावरून वाहिलं. सुमारे हजार माणसं गेली असं सांगितलं जातं. 1929 पर्यंत धरण पुन्हा उभं केलं गेलं. दरवाजे कितीही शहाणे असले, तरी खालची जमीन पाणी झिरपू देत असेल आणि येणारं पाणी अंदाजापेक्षा जास्त असेल, तर भिंत टिकत नाही, हा धडा आपल्या दारातला आहे. आणि पानशेत? 12 जुलै 1961. पुण्यात नातेवाईक असलेल्या प्रत्येक घरात ती तारीख पाठ आहे. काम अर्धवट असताना धरण भरू दिलं गेलं. पाणी बाहेर काढायची व्यवस्था पुरी नव्हती. पानशेत फुटलं आणि त्याच्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही गेलं. साठवण आधी आणि निचरा नंतर, हा क्रम उलटा आहे, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता घरचा हिशोब मांडू. समजा परसातलं तळं 10 फूट लांब, 8 फूट रुंद, 2 फूट खोल. म्हणजे 160 घनफूट, साधारण साडेचार हजार लिटर. एका दिवसात 4 इंच पाऊस पडला, तर तळ्यात थेट पडणारं पाणी त्याला फक्त 4 इंच वर चढवेल. काठ सहा इंच मोकळा ठेवला असेल, तर काळजी नाही. पण गच्चीची पन्हळ तळ्यात सोडली असेल, तर खातं निराळं होतं. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढ्याच पावसात सव्वानऊ हजारांहून जास्त लिटर पाणी जमतं. रिकामं तळं दोनदा भरेल इतकं! आणि ग्वाल्हेरचा पाऊस कंजूष दिसला, वर्षाला अडीच-तीन फूट, तरी तो देतो तेव्हा सुट्टी नाणी देत नाही, गठ्ठ्यानं देतो. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्या शिवपुरी, दतिया, श्योपूर भागात काय झालं ते आपण पाहिलं. रतनगढचा पूल वाहून गेला.

म्हणून बांधणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी.

आधी पाणी जायची जागा ठरवा, मग खणायला माणूस बोलवा. पाणी आपल्याच बागेत, शोषखड्ड्यात किंवा पालिकेच्या पावसाळी नालीत गेलं पाहिजे, शेजाऱ्याच्या भिंतीकडे नाही.

तळं घराच्या पायापासून आणि सामाईक भिंतीपासून लांब ठेवा. भरावाच्या मातीवर बांधू नका. तिघ्राची आठवण ठेवा, गळती आधी खालून सुरू होते.

सांडव्याचं तोंड काठापेक्षा सहा इंच खाली असू द्या. पाइप चार इंचांपेक्षा बारीक नको. तासाला दोन इंच पाऊस झाला तरी 1000 चौरस फुटांच्या गच्चीवरून सेकंदाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी येतं, तेवढं असा पाइप सहज नेतो. पण त्यावर पिंपळाची चार पानं बसली की तोच पाइप काहीच नेत नाही. म्हणून तोंडाला जाळी लावा आणि दर पावसाआधी ती हातानं साफ करा. जाळीमुळे मासेही वाहून जात नाहीत. मासे हवेतच, गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात.

पाइप चोंदलाच, तर पाणी कुठून ओसंडावं हेही आपणच ठरवा. काठाची एक बाजू दोन इंच उतरती ठेवून तिथे दगड बसवा. पाण्याला आपण वाट दिली नाही, तर ते आपली वाट स्वतः काढतं, आणि ती बहुधा जिन्याखालून जाते. शेवटी, नातवंडं लहान असतील तर काठाला कुंपण हवंच, त्यात तडजोड नाही.

हे सगळं एवढं लांबण लावून का लिहिलं? फूलबागेजवळच्याच एका वसाहतीत दोन आपली मराठी घरं, पन्नास वर्षांचा शेजार. गणपतीची आरती एकत्र, दिवाळीचा फराळ इकडून तिकडे. एका घरी मुलानं हौसेनं तळं केलं. पहिल्याच मोठ्या पावसात ते भरलं आणि रात्रभर पाणी पलीकडच्या खोलीत गेलं. गहू भिजले, ते एक वेळ ठीक, पण तिथे पेटीत पणजोबांची मोडीतली कागदपत्रं होती. त्यांचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी तळंवाल्या काकू रडत रडत गेल्या, म्हणाल्या, "वहिनी, आम्हाला कल्पनाच नव्हती हो." वहिनींनी त्यांना बसायला सांगितलं, चहाही दिला. पण बोलणं आता पूर्वीसारखं नाही. गहू परत भरता येतात. दोनशे वर्षांपूर्वी कुणी कोकणातून, कुणी देशावरून इथे आलो, त्याचा आपल्याकडे जो लेखी पुरावा उरला आहे, तो अशाच पेट्यांत आहे. चार फूट पाइपाची किंमत त्याच्यापुढे काय?

तळी जरूर करा. जमिनीखालचं पाणी खोल चाललं आहे, गाव तापत चाललं आहे, आणि संध्याकाळी पाण्याकाठी बसायचं सुख वेगळंच. शिवपुरीचा सख्यासागर 2022 मध्ये रामसर यादीत गेला. शिंदेशाहीच्या काळातलं तळं आज जगाच्या नकाशावर आहे, म्हणजे चांगलं बांधलेलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

आपल्यापैकी कुणाच्या वाड्यात जुना हौद, पन्हळ किंवा दगडी सांडवा अजून असेल, तर बुजवण्याआधी एक फोटो काढून खाली टाका. तो कुठल्या गल्लीत होता आणि त्याचं पाणी कुठे जायचं, तेही दोन ओळींत लिहा. आणि घरात मोडी कागद असतील, तर ते उद्याच वरच्या मजल्यावर हलवा.